मूल पुन्हा पुन्हा पुराचाच खेळ का खेळते?

नमस्कार. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. समजा, अशा पुरातून वाचलेले पाच-सहा वर्षांचे मूल पुढे कित्येक दिवस भातुकलीवर तांब्याने पाणी ओतत बसले, तर घरची माणसे साहजिकच म्हणतात, “पुरे झाला तो अभद्र खेळ!” तो थांबवण्याची घाई का करू नये, हे आज पाहू.

मोठी माणसे ओटीवर बसून पुराच्या गोष्टी दहादा सांगतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. लहान मुलाजवळ तेवढे शब्द नसतात. खऱ्या पुरात त्याच्या हाती काहीच नव्हते. खेळात मात्र पाणी केव्हा चढेल, बाहुलीला माळ्यावर कोण नेईल आणि पाणी केव्हा ओसरेल, हे सारे तेच ठरवते.

प्ले थेरपी, म्हणजे खेळातून मुलांच्या मनावर केला जाणारा उपचार, याच ओढीला सुरक्षित जागा देते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली मांडलेल्या पद्धतीत थेरपिस्ट प्रश्नांची सरबत्ती करत नाही, कोणते खेळणे घ्यावे हेही सुचवत नाही. “बाहुली घाबरली आहे” एवढेच म्हणतो, आणि मुलाने “नाही, ती रागावली आहे” असे सांगितले तर ते मान्य करतो. माझ्या मते त्या भेटीतील सर्वांत मोलाचा क्षण हाच, कारण आपल्या भावनेला मुलाने स्वतः नाव दिलेले असते. मोकळीक असली तरी कोणाला इजा करता येत नाही आणि वेळ संपली की खेळ थांबतो.

लंडनमध्ये बालमानसोपचार करणाऱ्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड मुलांना मनातले मांडण्यासाठी वाळूचा ट्रे आणि चिमुकल्या वस्तू देत. आपल्याकडे वाळूला तोटा नाही, सावंतवाडीची लाकडी खेळणीही आहेत. परंतु केवळ साहित्याने उपचार होत नाही.

पालकांनी पाहावे ते एवढेच, की खेळ बदलतो आहे का. काही दिवसांनी त्यात होडी आली, कोणी वाचले, तर मूल वाट काढते आहे. उलट तोच खेळ महिनोन्महिने तसाच, आनंदाविना चालला, झोप उडाली किंवा अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली, तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे जावे. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही निःशुल्क आहे. मूल काय खेळते आणि खेळ नेमका कोठे अडतो, हे टिपून ठेवल्यास पहिल्या भेटीत उपयोग होतो. मात्र ते टिपण त्याच्यासमोर वाचून दाखवू नये.