३० जूनपर्यंतचे दप्तर

एप्रिलची १५ तारीख उलटली की अमेरिकेतल्या टॅक्स प्रिपेअररच्या, म्हणजे मोबदला घेऊन इतरांची कर विवरणपत्रे तयार करून देणाऱ्याच्या, कार्यालयातली गर्दी ओसरते आणि मागे कागद उरतात. पगाराचे डब्ल्यू-२, बँकांचे व्याजाचे १०९९, पाळणाघराच्या पावत्या, घरकर्जाचे दाखले आणि सह्या केलेले अर्ज. यातले काय ठेवायचे, काय परत करायचे आणि काय कधी नष्ट करायचे, हा वरकरणी कपाटातल्या जागेचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो कायद्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक ग्राहकांच्या समजुतीला धक्का देणारे आहे.

समजूत अशी असते की आपले सगळे कागद ‘त्यांच्याकडे आहेतच’. कायद्याने प्रिपेअररवर एवढा भार टाकलेलाच नाही. अमेरिकेच्या अंतर्गत महसूल संहितेतील कलम ६१०७ नुसार, विवरणपत्र सहीसाठी ग्राहकापुढे ठेवले जाईल तोवर त्याची पूर्ण प्रत ग्राहकाच्या हाती पडली पाहिजे. त्यानंतर प्रिपेअररने स्वतःकडे दोहोंपैकी एक ठेवायचे असते. एक तर विवरणपत्राची प्रत, नाहीतर ग्राहकाचे नाव, त्याचा करदाता क्रमांक, करवर्ष आणि विवरणपत्राचा प्रकार एवढाच तपशील असलेली नोंद. सही करणारा प्रिपेअरर कोण होता, हेही त्या दप्तरातून कळले पाहिजे. अशी नोंद यादीच्या रूपात असो, कार्डांच्या पेटीत असो वा आणखी कशी, नियमाला ती चालते. ग्राहकाच्या पावत्यांचा या कलमात उल्लेखही नाही.

इतकी त्रोटक यादी कायद्याला का पुरावी, हे समजण्यासाठी १९७६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या कर सुधारणा कायद्याने पैसे घेऊन विवरणपत्रे भरून देणाऱ्यांना प्रथमच सविस्तर नियमांच्या चौकटीत आणले. एखाद्या प्रिपेअररने एका विवरणपत्रात खोट्या वजावटी दाखवल्याचे उघड झाले, तर त्याच हाताने भरलेली बाकीची विवरणपत्रे शोधायची कशी, ही महसूल खात्याची, म्हणजे आयआरएसची, अडचण होती. ग्राहकांची यादी त्या शोधासाठी आहे, आणि म्हणूनच आयआरएसने मागितल्यावर ती तपासणीसाठी दाखवणे बंधनकारक आहे. हे दप्तर ग्राहकाच्या सोयीसाठी कधी नव्हतेच. प्रिपेअररचा माग काढता यावा म्हणून ते ठेवायला लावले आहे. पुढे २००७ मध्ये प्रिपेअररच्या कायदेशीर व्याख्येतून ‘प्राप्तिकर’ हा शब्द गळला आणि वारसा, भेट, वेतनावरील कर अशा इतर विवरणपत्रांचे काम करणारेही या नियमांखाली आले.

मुदत ‘तीन वर्षे’ असे सर्रास सांगितले जाते. पण ही तीन वर्षे नेमकी कुठून मोजायची, यात गफलत होते. कायद्याने त्यासाठी १ जुलै ते ३० जून असा ‘विवरणपत्र कालावधी’ ठरवला आहे आणि मुदत तो कालावधी संपल्यावर सुरू होते. समजा, २०२४ या वर्षाचे विवरणपत्र १० मार्च २०२५ रोजी सहीसाठी ठेवले. तो कालावधी ३० जून २०२५ रोजी संपला, म्हणून दप्तर ३० जून २०२८ पर्यंत ठेवायचे. शेजारच्या ग्राहकाने मुदतवाढ घेतली आणि त्याचे त्याच वर्षाचे विवरणपत्र ऑक्टोबर २०२५ मध्ये तयार झाले, तर त्याचे दप्तर ३० जून २०२९ पर्यंत जपावे लागते. तारखांत फरक सात महिन्यांचा, जतनाच्या मुदतीत मात्र पूर्ण वर्षाचा. वर्षानुसार खोके भरून एकदम फाडून टाकण्याची सवय असलेल्या कार्यालयांत चूक होते ती इथेच.

चुकीचा दंड मूळ कायद्यात प्रत्येक कसुरीमागे ५० डॉलर आणि एका कालावधीत जास्तीत जास्त २५,००० डॉलर असा आहे. महागाईनुसार हे आकडे आता वाढत जातात. कसूर वाजवी कारणाने झाली आणि त्यात बेपर्वाई नव्हती, हे दाखवता आले तर दंड टळतो. प्रिपेअरर एखाद्या कंपनीत नोकरीला असेल, तर दप्तर ठेवण्याची जबाबदारी कंपनीची असते. तीन वर्षे संपण्याआधी कंपनी विसर्जित झाली, तर तिचा कारभार आवरणाऱ्यांकडे ती जाते. दुकान बंद झाले म्हणून दप्तर सुटत नाही.

काही बाबतींत मात्र नुसती यादी पुरत नाही. कमी उत्पन्नाच्या नोकरदारांना मिळणारी करसवलत, मुलांमागची सवलत, उच्च शिक्षणाची अमेरिकन अपॉर्च्युनिटी सवलत किंवा ‘कुटुंबप्रमुख’ हा दर्जा यांपैकी काही मागितले असेल, तर प्रिपेअररने फॉर्म ८८६७ (ग्राहकाच्या पात्रतेची खातरजमा केल्याची तपासयादी), हिशेबाचे तक्ते, ज्यांवर विसंबून दावा केला त्या कागदांच्या प्रती आणि माहिती कोणाकडून, कधी व कशी मिळाली याची नोंद तीन वर्षे ठेवायची असते. इथला मूळ दंड प्रत्येक कसुरीमागे ५०० डॉलर आहे, आणि एकाच विवरणपत्रात अशा चार कसुरी होऊ शकतात. ऑनलाइन विवरणपत्रासाठी ग्राहकाने सही केलेला फॉर्म ८८७९ आयआरएसकडे पाठवायचा नसतो. विवरणपत्राची देय तारीख किंवा ते आयआरएसला मिळाल्याची तारीख यांपैकी जी नंतरची असेल, तिच्यापासून तो तीन वर्षे कार्यालयातच राहतो.

ग्राहकाने स्वतः कागद जपायची घड्याळे यापेक्षा लांब चालतात. कर आकारणीची सामान्य मुदत तीन वर्षांची असली, तरी विवरणपत्रात दाखवलेल्या एकूण उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न दाखवायचे राहिले तर ती सहा वर्षांची होते आणि फसवणुकीला मुदतच नसते. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या बँकेत मुदत ठेवी असलेल्या मराठी कुटुंबांना एक निराळे घड्याळ सांभाळावे लागते. परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो, आणि त्या खात्यांच्या नोंदी पाच वर्षे खातेदाराने स्वतः ठेवायच्या असतात.

आता पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतही अमेरिकी विवरणपत्रांची कामे होतात. ग्राहकाची माहिती अशा परदेशी हातांत देण्यापूर्वी त्याची लेखी संमती लागते, आणि माहितीच्या संरक्षणाची ठरवून दिलेली व्यवस्था नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक झाकूनच कागद पाठवावे लागतात.

जपण्याच्या या नियमांना नष्ट करण्याचा एक नियमही जोडलेला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सुरक्षा नियमानुसार ग्राहकाची माहिती शेवटच्या वापरानंतर दोन वर्षांच्या आत सुरक्षितपणे नष्ट करायची असते. कायद्याने किंवा धंद्याच्या रास्त गरजेने जी माहिती ठेवणे भाग आहे, तिला यातून सूट आहे. अगदी लहान कार्यालयांनाही काही तरतुदींतून सूट मिळते. त्यामुळे एकाच फाइलमधली यादी आणि फॉर्म ८८७९ ठेवायचे, पण काम संपल्यावर ग्राहकाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स कशासाठी ठेवली आहे याचे उत्तर तयार असले पाहिजे. फाइलीच्या पाठीवर ग्राहकाचे नाव असतेच. तिथेच ‘३० जून २०२८’ किंवा ‘३० जून २०२९’ असेही लिहिले, तर फाडण्याच्या दिवशी फाइल उघडून तारखा मोजत बसावे लागत नाही.