सारसाच्या डोक्यावर माशाचं शेपूट

नमस्कार. दक्षिणेच्या आकाशात एक सारस आहे, ग्रुस नावाचा तारकासमूह. त्याच्या डोक्यावरच्या ताऱ्याचं नाव अल्धनब. अरबीत धनब म्हणजे शेपूट! मग शेपूट डोक्यावर कसं आलं?

हा तारा मुळात सारसाचा नव्हताच. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या यादीत तो शेजारच्या दक्षिण मत्स्य तारकासमूहात, माशाच्या शेपटाशी होता. सारसाचा सर्वांत ठळक तारा अलनायर, म्हणजे 'तेजस्वी'. मूळ अरबी नाव लांबलचक: माशाच्या शेपटातला तेजस्वी तारा.

पक्षी आला तो डच जहाजांमुळे. १५९५च्या एप्रिलमध्ये चार जहाजं मसाल्यांसाठी पूर्वेकडे निघाली. नकाशाकार प्लॅन्सियसनं सुकाणूधारक कायझरला काम दिलं होतं: दक्षिण ध्रुवाभोवतीची रिकामी जागा मोजून भरायची. कायझर १५९६मध्ये जावाच्या बांतेनजवळ वारला, पण त्याची निरीक्षणं ॲमस्टरडॅमला पोचली. त्यांवरून प्लॅन्सियसनं १५९७-९८च्या सुमारास ३५ सेंटिमीटर व्यासाच्या आकाशगोलावर बारा नवे तारकासमूह काढले. हा सारस त्यांतलाच.

त्याच सफरीतल्या हाउटमननं १६०३च्या आपल्या यादीत मात्र याला बगळा म्हटलं. काहींनी फ्लेमिंगोही केला. टिकला तो सारस. मराठीत 'बक' लिहिलेलं दिसतं, ते हाउटमनच्या जवळचं.

आणि हा समूह आकाशाचे नकाशे काढणाऱ्या जर्मन बायरनं शोधला, असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. बायरचा १६०३चा नकाशासंग्रह गाजला, म्हणून नाव त्याचं झालं. त्यानं हे पक्षी गोलावरून उतरवून घेतले, त्यांच्या ताऱ्यांना ओळखीची ग्रीक अक्षरंसुद्धा दिली नाहीत. ती १७५६मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकायनं दिली.

आता प्रत्यक्ष बघू. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री नऊला दक्षिणेकडे तोंड करा. मुंबई-पुण्याहून क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर एकटाच ठळक दिसतो तो मीनास्य, माशाचं तोंड. हात ताठ धरून मूठ वळा: एक मूठ दहा अंश. मीनास्याच्या खाली, थोडं उजवीकडे, दोन मुठींवर निळसर पांढरा अलनायर. त्याच्या डावीकडे तीन बोटांवर नारिंगी तियाकी. अलनायरच्या वर एका मुठीवर, जरा उजवीकडे, मंद अल्धनब.

लोक बहुधा मीनास्यालाच अलनायर समजतात, आणि मग पक्षी जुळतच नाही. जोडीदार तपासा: जवळच तेवढ्याच उंचीवर नारिंगी तारा नसेल, तर तुम्ही माशावर आहात. अलनायर जेमतेम २४ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेला इमारत किंवा शहराचा उजेड नको. तियाकीचा रंग नुसत्या डोळ्यांना पटला नाही तर दुर्बीण लावा, लगेच कळेल.