३०० मीटरचं रान

[दृश्य: वस्तीमागचा ओढा, काठाला झाडी. सकाळचं कोवळं ऊन.]

वस्तीतल्या गरीब मुलांना निसर्ग दाखवायचा म्हणून वर्षातून एकदा बस भरून लांबच्या जंगलात नेतात. मुलं खूश होतात, आणि तिथेच गोष्ट संपते. पुन्हा तिथे जायचं भाडं त्यांच्याकडे नसतं. म्हणून जागा अशी हवी, की पायी गाठता येईल. ओढ्याचा काठ, पडीक माळ, काहीही चालेल. तीच जागा, महिन्यातून दोनदा, वर्षभर.

नाव नोंदवूनही एखादा मुलगा येत नाही, तेव्हा "त्याला आवड नाही" असं आपण ठरवून टाकतो. बऱ्याचदा त्याला बंद बूटच नसतात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असतं. मुलींना शौचालय कुठे आहे, हे आधी कळायला हवं. बूट आणि रेनकोट द्यायचे तर सगळ्यांना द्या. मोजक्यांनाच दिले, की कोण गरीब हे रांगेतच दिसतं. जादा मोजे मात्र बरोबर हवेतच.

[दृश्य: सुतळी, चार खुंट्या, भिंग.]

१२ मुलं, ३ मोठी माणसं. तासाभरात ३०० मीटर चाललं तरी पुष्कळ.

सव्वाचार मीटर सुतळी घ्या. टोकं बांधून चार खुंट्यांभोवती ताणा, की झाला साधारण १ मीटरचा चौकोन. दोघांना एक चौकोन, वीस मिनिटं. नावं सांगू नका. किती प्रकारची पानं, किती पायांचे किडे, एवढंच विचारा. नावांचा मारा सुरू झाला, की शाळेत मागे पडलेली मुलं इथेही मागे पडतात.

भिंग १० पटीचं पुरतं, पण ते हात लांब करून धरलं तर सगळं अंधुक दिसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान जवळ आणायचं, भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर.

[दृश्य: दगड उचलणारे हात.]

दगड उचलताना त्याची पलीकडची कड आपल्याकडे वळवायची. खाली विंचू किंवा साप असलाच, तर मध्ये दगडाची आड राहते. बोटं आधी आत घालायची नाहीत. काठीने कड सैल करायची. खाली अंगाची गोळी करणारे करडे जीव सापडतात. ते कीटक नव्हेत, खेकड्याच्या कुळातले. श्वासाला ओलावा लागतो म्हणून दगडाखाली राहतात. दगड उलटा टाकून दिला, तर उन्हात ते सुकून मरतात. दगड होता तसाच ठेवायचा. आधी जीव बाजूला, मग दगड.

दुर्बीण ८ पटीची घ्या. त्याहून मोठी घेतली, की हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. एकच दुर्बीण बारा जणांत फिरवली, तर पक्षी पहिल्याच्याच वाट्याला येतो.

आता शांत बसणं. पाच मिनिटं पुरेत, प्रत्येकाने आपली जागा निवडायची. "डोळे मिटा" हा हुकूम टाळा. मारहाण किंवा बेघरपण सोसलेल्या मुलाला अनोळखी जागी डोळे मिटणं भीतीचं वाटू शकतं. उघड्या डोळ्यांनी जमिनीकडे पाहिलं तरी चालतं. कुणी साप म्हणून किंचाळलं, तर हसू नका. थांबा, मागे सरका, दुरून बघा.

आणि देणगीदारांसाठीचा फलक धरून फोटो? तो रानात नकोच.

[दृश्य: पायवाट, पाठमोरी मुलं.]

सहाव्या खेपेपासून वाट मुलांनी ठरवायची. मोठ्यांनी रांगेत शेवटी चालायचं.