डावणी कोणाच्या कुळातली?

(दृश्य : ऑक्टोबरची सकाळ, दिंडोरी तालुका. नुकतीच छाटलेली द्राक्षबाग. काडीच्या टोकाला लोंबणारा थेंब.)

निवेदन :
ऑक्टोबर छाटणी झाली की बाग अशी उघडीबोडकी होते. पान नाही, फूट नाही. तारेला बांधलेल्या नुसत्या तपकिरी काड्या. नवख्या माणसाला वाटेल, बाग वाळली. पण काडीचं कापलेलं टोक बघा. मुळांनी खालून रेटलेलं पाणी थेंबाथेंबानं बाहेर येतंय. थोड्या दिवसांत डोळे फुगतील, पोंगा निघेल.

पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, चेतनाक्षमता, हालचाल, प्रजनन. सजीवांची ही लक्षणं शाळेत प्रत्येकानं पाठ केलेली असतात. या काडीत त्यातलं एकही वरवर दिसत नाही, तरी ती श्वास घेतेय, गेल्या हंगामात साठवलेलं पिष्ट खर्च करतेय. म्हणजे ती जिवंत आहे, एवढं यादीवरून ठरलं. पण ती कोणाची कोण, हे यादी सांगत नाही. पानांवर येणाऱ्या रोगांबाबत बागाईतदाराला पुढचे चार महिने याच प्रश्नाशी गाठ असते.

(दृश्य : नोव्हेंबर. हिरवी बाग. दोन पानं शेजारी शेजारी धरलेली, अगदी जवळून.)

ही दोन पानं एकाच बागेतली. डावीकडच्या पानावर राखेसारखी पांढरी पूड आहे, बोटानं पुसली जाते. ही भुरी. उजवीकडच्या पानावर पिवळसर तेलकट डाग आहे. पान उलटं केलं की डागाच्या बरोबर मागे पांढरी लव. ही डावणी, पुस्तकी मराठीत केवडा. बागेत दोघींनाही बुरशीच म्हणतात. दुकानात दोघींवरचं औषध ‘बुरशीनाशक’ याच नावानं मिळतं.

(दृश्य : बागेच्या शेडमध्ये टेबल. महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, सूक्ष्मदर्शी, पॉलिथिनची पिशवी.)

वनस्पतिशास्त्राच्या या मुली आदल्या संध्याकाळीच येऊन गेल्या होत्या. तेलकट डागाचं एक पान त्यांनी खुडलं, पिशवीत ठेवून आत पाणी शिंपडलं, तोंड बांधलं आणि पिशवी रात्रभर अंधारात ठेवली. डावणीला बीजाणू धरायला अंधार लागतो आणि ओलही लागते. सकाळी पिशवी उघडली तर काल जिथे नुसता डाग होता, तिथे दाट पांढरा थर आला होता.

तो थर सुईनं खरवडून काचपट्टीवरच्या पाण्यात टाकला. 400 पट मोठं केलेलं हे चित्र. झाडासारख्या, जवळजवळ काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या पिशव्या. आता या एका पिशवीवर नजर ठेवा. आत गोळे गोळे झालेत. टोक उघडलं. एक बाहेर, दुसरा, तिसरा. आणि बघा, पोहायला लागले!

(मूळ आवाज : बागाईतदार दादा)
“मॅडम, हे तर पळतंय की! बुरशी पोहते का कुठं?”

निवेदन :
पोहणारी थोडी खरी कवकंही, म्हणजे खऱ्या बुरश्याही आहेत, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लावता येत नाही. पण दादांचा संशय बरोबर आहे. या प्रत्येक पोहणाऱ्या बीजाणूला दोन शेपट्या असतात आणि त्यातल्या एकीवर पिसासारखे बारीक केस. शाळा-कॉलेजच्या सूक्ष्मदर्शीत ते दिसत नाहीत, त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी लागतो. अशी केसाळ शेपटी ही एका वेगळ्याच घराण्याची खूण आहे. पावसाच्या किंवा दवाच्या पाण्यात पोहत हा बीजाणू पानाच्या खालच्या बाजूचं रंध्र गाठतो, तिथे शेपट्या टाकून देतो आणि एक नळी आत घालतो. भुरीला असं पाणी लागत नाही. उलट, धो धो पाऊस तिला मानवत नाही. ढगाळ हवा आणि दाट सावली तिला पुरते.

(दृश्य : गोदावरीचं पात्र. दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर नखानं खरवडताना.)

डावणीचे नातेवाईक इथे भेटतात. गोदावरीतल्या दगडावरून पाय घसरतो तो या तपकिरी थरामुळे. त्यात मुख्यतः डायटम असतात, काचेच्या कवचाची एकपेशीय शैवालं. डायटम, मालवणच्या खडकांवर वाढणारं सारगॅसमसारखं तपकिरी शैवाल आणि बागेतली डावणी, हे एकाच मोठ्या कुळातले. गिरणारे-दिंडोरीच्या टोमॅटोवर येणारा उशिराचा करपाही त्यांतलाच. 1845 साली आयर्लंडचा बटाटा ज्यानं संपवला, तो हाच करपा.

(दृश्य : वायनरी. टाकीत फसफसणारा द्राक्षरस.)

भुरीचे नातलग इकडे आहेत. द्राक्षरसाची वाइन करणारं यीस्ट आणि भुरी, दोन्ही खरी कवकं, दोन्ही एकाच संघातली. गंमत अशी की कवकांचं कूळ वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचं आहे. म्हणजे भुरी आणि डावणी एकाच पानावर नांदत असल्या, तरी भुरी डावणीपेक्षा दादांच्याच जास्त नात्यातली!

(दृश्य : शाळेच्या भिंतीवरचा पाच सृष्टींचा तक्ता.)

हा घोळ जुना आहे. लिनियसनं 1753 साली द्राक्षवेलीला व्हायटिस व्हिनिफेरा हे नाव दिलं, तेव्हा सजीवांची दोनच खाती होती : वनस्पती आणि प्राणी. जे हलत नाही ते वनस्पतीत, म्हणून कवकंही तिकडेच गेली. 1969 मध्ये व्हिटेकरनं पाच सृष्टी मांडल्या आणि कवकांना स्वतंत्र घर मिळालं. डावणीचा गट मात्र पुढेही बराच काळ कवकांतच मोजला गेला. तंतूंनी वाढते आणि दुसऱ्याचं अन्न शोषते, मग बुरशीच असणार, असा हिशोब. पेशीभित्तिका तपासल्या तेव्हा फरक दिसला : भुरीची भित्तिका कायटिनची, तर डावणीच्या भित्तिकेत सेल्युलोज. डीएनएनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. नाशिक जिल्ह्यातल्या शाळांत हा तक्ता दरवर्षी पाठ होतो आणि बागेच्या बांधावर येईपर्यंत विसरला जातो, याचं मात्र नवल वाटतं.

(दृश्य : प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना. निळं पाणी ढवळलं जातंय.)

बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देनं 1885 साली ते डावणीसाठी जाहीर केलं. रस्त्याकडेच्या वेलींवर, चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडलेला त्यानं पाहिला होता. त्या वेलींची पानं टिकली होती. तांबं सरसकट विषारी असल्यानं कुळाची चौकशी करत बसत नाही. नंतरची औषधं तशी नाहीत. ट्रायझोल गटातली औषधं कवकाच्या पेशीपटलाला लागणारा अर्गोस्टेरॉल हा घटक तयार होऊ देत नाहीत. डावणी अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, त्यामुळे तिच्यावर ती वाया जातात. डायमेथोमॉर्फ सेल्युलोजच्या भित्तिकेवर घाव घालतं, म्हणून डावणी मरते आणि भुरीला काही होत नाही. चुकलं तर फवारणीचे पैसे जातात, रोग तसाच राहतो आणि निर्यातीच्या मालात औषधाच्या अंशाची भीती वाढते.

(दृश्य : औषधांची खोली. फळीवरच्या बाटल्या. एक विद्यार्थिनी लेबलवरचा घटक वाचते, दादा बाटली उचलून ठेवतात.)

हेक्साकोनॅझोल, डावीकडे, भुरीला. गंधक, डावीकडे. मेटालॅक्सिल, उजवीकडे, डावणीला. मग ॲझॉक्सिस्ट्रोबिनची बाटली हातात येते आणि दादा थांबतात.

(मूळ आवाज)
“ही कुठं ठेवू?”
“मधे ठेवा दादा, ती दोन्हीवर चालते.”

निवेदन :
हे औषध पेशीतलं श्वसन अडवतं. भुरी असो वा डावणी, श्वसन दोघींनाही चुकलेलं नाही. पण या एकाच गटातली औषधं वारंवार मारली की डावणी त्यांना दाद देईनाशी होते. म्हणून दादांनी त्या बाटलीवर मार्करनं मागच्या फवारणीची तारीख लिहून ठेवली आहे.