चपला ठेवा, गाडी येऊन राह्यली

नवतपा लागलाय, मे-अखेरचे ते नऊ तापलेले दिवस. सकाळचे साडेपाच वाजलेत आणि आत्ताच मानेवरून घाम ओघळतोय. यवतमाळकडच्या दारव्ह्याच्या बाहेरचं हे एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. आत कापसाचं बोंडसुद्धा नाही, सीझन कधीच संपला, मशिनींवर ताडपत्री आहे, आणि उरलंय ते हे एवढं मोठं काँक्रीटचं अंगण. कापसात माती जाऊ नये म्हणून जिनिंगवाले अंगण सिमेंटचं करतात. आज त्याचा उपयोग वेगळाच होणारे.

ओळीनं उभ्या आहेत बघा, दोन बोलेरो, एक इको जी रोज शाळेची पोरं नेते, एक म्हातारी अल्टो, आणि ही स्विफ्ट, जिच्या मागच्या काचेवर लिहिलंय "आईचा आशीर्वाद" आणि बंपरला तीन ठिकाणी पोचे. आशीर्वाद ओव्हरटाइम करतोय हे दिसतंच.

१४ जण आलेत. सगळ्यांकडं लायसन्स आहे, सगळे दहा-दहा वर्षं गाडी चालवतायत, आणि आज एक दिवस गाडी चालवायला शिकायला आलेत. मीही त्यातलाच. मला वाटलेलं कॅमेरा घेऊन कडेला सावलीत बसू, पण नागपूरहून आलेले सर म्हणाले, तुम्हीपण चालवता ना, मग बसा.

पहिला तासभर गाडी चालूच केली नाही. नुसतं बसायला शिकवलं. हसू नका, आम्हीही हसलो होतो. हा बोलेरोवाला दादा बघा कसा बसलाय, खाटेवर रेलल्यासारखा, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर. सरांनी त्याला ब्रेक पूर्ण दाबायला सांगितला तर त्याची पाठ सीटवरून सुटली आणि तो पुढं घसरला. म्हणजे खरी वेळ आली असती तर ब्रेकवर अर्धाच जोर गेला असता. सीट पुढं घेतली, पाठ उभी केली. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला टेकायला पाहिजे, ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहायला पाहिजे, आणि हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. दादा म्हणे, "सर, असं बसलं तर लोक म्हनतीन नवाच शिकून राह्यला." सर म्हणाले, म्हणू दे.

मग चपला. १४ पैकी ११ जण चपलेवर. चप्पल पेडलखाली अडकते, म्हणून सगळ्यांना काढायला लावल्या, एका कडेला हा ढीग. हा ढीग लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ब्रेक. तुम्ही आयुष्यात कधी ब्रेक पूर्ण दाबलाय का? म्हणजे सगळा जीव काढून, पेडल मोडलं तरी चालेल असा? मी ११ वर्षांत एकदाही नाही. आपल्याला गाडी शिकवणारा काय शिकवतो, क्लच हळू सोड, गाडी बंद पडू देऊ नको, रिव्हर्स घे, झालं. ब्रेक आपण कायम चुचकारत दाबतो, गाडीला लागेल म्हणून.

अंगणात फक्कीनं एक पांढरी रेघ मारलीय. सरांनी स्विफ्ट घेतली, ताशी ३० नं आले आणि रेघेवर ब्रेक दाबला पूर्ण. टेप लावला, जेमतेम ५ मीटर. मग सर म्हणाले, आता मी ६० नं येतो, रेघेवरच ब्रेक दाबतो, गाडी कुठं थांबेल? जिथं वाटतं तिथं आपापली चप्पल ठेवा.

ह्या शॉटसाठी मी ही अख्खी फिल्म केली म्हटलं तरी चालेल. बघा सगळे कसे पाठीमागं हात बांधून, शेत मोजल्यासारखे चालतायत. स्पीड डबल म्हणजे अंतर डबल, असा सरळ हिशोब, म्हणून बहुतेक चपला १० मीटरवर. दोन-तीन हुशार लोकांनी १२ वर ठेवल्या. शाळेच्या इकोचे काका जरा घाबरट, त्यांनी १४ वर ठेवली तर बाकीचे हसले त्यांना, "काका, गाडी थांबवाची हाय का यवतमाळले न्याची हाय?"

आली गाडी. ६०. रेघ. ब्रेक. चर्रर्र असा आवाज, आणि एकेक चप्पल चाकाखाली जातेय, १० वाल्या गेल्या, १२ वाल्या गेल्या, काकांची पण गेली, आणि गाडी थांबली २० मीटरच्या आसपास. कोणीच बोललं नाही दोन सेकंद. मग एकजण म्हणे, "माय वो, माही चप्पल."

स्पीड दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. हे शाळेत गणितात कुठंतरी वर्ग-वर्गमूळातल्या वर्गाच्या रूपात होतं म्हणे, पण तिथं चप्पल गेली नव्हती ना. आणि हे फक्त ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर. त्याआधी डोळ्याला दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर ६० च्या स्पीडला गाडी १६-१७ मीटर तशीच पळालेली असते, ब्रेक न लागता. आमच्यातले बरेच जण कारंज्याहून समृद्धीवर चढतात, तिथं कारला १२० ची परवानगी आहे. १२० म्हणजे ६० च्या दुप्पट, म्हणजे २० चे चौपट ८०, वर पाय हलेपर्यंतचे ३३. एकाने तिथल्या तिथं पावलं टाकून बघितलं आणि पार जिनिंगच्या भिंतीजवळ जाऊन उभा राहिला, तिकडून ओरडला, "इथं हाव मी!" तो दिसतोय ना, तो ठिपका, तो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली हा सरकारी आकडा मला पाठ होता, पण त्याने काही झालं नव्हतं मला. ह्या ठिपक्यानं झालं.

मग आमची पाळी. आणि गंमत अशी की पहिल्या वेळी एकालाही पूर्ण ब्रेक मारता आला नाही. मन म्हणतं दाब, पाय म्हणतो नको. त्यात एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेक. एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं नंतरच्या गाड्यांत ते असतंच, पण ते लागल्यावर पायाला काय कळतं हे कुणालाच माहीत नव्हतं. चाक लॉक व्हायला लागलं की ते सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडतं-धरतं, पायाखाली पेडल तडतड उडतं, खालून घरघर आवाज येतो. इकोवाल्या काकांनी पाय झटकन उचललाच. "काही तुटलं सर!" काही तुटलं नव्हतं काका, तेच तर काम करत होतं. नेमका इथंच माणूस पाय उचलतो आणि गाडी धडकते.

ह्याच्या पुढची गोष्ट मला जास्त आवडली. एबीएस असलं की ब्रेक दाबून ठेवलेला असतानाही गाडी वळवता येते. म्हाताऱ्या अल्टोला एबीएस नाही, तिची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, ती सरळच जाते, वळायचं तर ब्रेक थोडा सोडावा लागतो. सरांनी ते कसं सांगितलं, की टायरकडं एकच भाकर आहे, रस्त्याला टेकलेला तुमच्या तळहाताएवढा तुकडा, तेवढीच पकड. ब्रेकनं अख्खी खाल्ली तर वळायला काय उरणार? वळणावर जाऊन ब्रेक दाबतो ना आपण, तेव्हा दोघं एकाच भाकरीवर तुटून पडतात. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर.

ते झाल्यावर सगळे आपापले टायर बघायला लागले. त्यात घासाईची खूण असते, खाचेत छोटा उंचवटा, टायर तिथवर आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, कायद्यानं संपला. स्विफ्टवाल्याचा तो उंचवटा शोधायलाच नको होता, टायर पार गोटा. असो, आशीर्वाद.

आता हे पोत्यांचं. रस्त्यात अचानक काही आलं तर ते चुकवायचं कसं. प्लॅस्टिकचे शंकू तीनच होते म्हणून पोत्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलं आणि एका पोत्याला दोरी बांधली. गाडी ५० नं आली की एकजण दोरी ओढणार, पोतं गाडीपुढं, आणि तुम्ही ब्रेक दाबून बाजूनं निघायचं. पोत्याचं नाव लगेच पडलं, रोही, म्हणजे नीलगाय. आमच्याकडं रात्री रोही आणि रानडुकरं रस्त्यावर असतात, नाव बरोबरच आहे.

काकांनी रोही पाचदा मारला. पाचही वेळा. बाजूला चांगली दोन गाड्यांची जागा मोकळी, तरी काका बरोबर पोत्यावर, कुटार उडतंय, दोरीवाला पोरगा हसून लोळतोय. सर म्हणाले, काका तुम्ही बघता कुठं? काका म्हणे, "पोत्याकडंच ना, त्यालेच तं चुकवाचं हाय!" तिथंच गाडं अडलेलं. माणूस ज्याच्याकडं बघतो हात गाडी तिकडंच नेतात. मोकळ्या जागेकडं बघा, पोतं विसरा, हे सरांनी तीन प्रकारे सांगितलं, काकांना पटेना. मग कडेला उभा होता तो एक शेतकरी, गाडी घेऊन आलाच नव्हता, भाच्याबरोबर नुसता बघायला आलेला, तो म्हणाला,

"काका, तिफन हाकलता ना तुमी? बैलाकडं पायता का? धुऱ्याकडं पायता. बैलाकडं पायलं की तास वाकडं."

धुरा म्हणजे शेताचा बांध. काका दोन मिनिटं गप्प. सहाव्या वेळी रोही वाचला.

पुढं चिखल. एका कडेला ट्रॉलीभर काळी माती पसरली आणि वर पाणी. त्यावरून फाटकापाशी एक आजोबा चांगलेच तापले, "लोकाईले पेयाले पानी नाही, अन् इथं चिखल करून राह्यले!" राग बरोबरच होता त्यांचा. पण पाणी जिनिंगच्या आगीसाठीच्या टाकीतलं, हिरवंगार शेवाळलेलं, टाकी पावसाळ्याआधी रिकामी करायचीच होती. हे सांगितल्यावर ते आत आले आणि शेवटपर्यंत बसले.

काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते, नवा टायरसुद्धा गुळगुळीत होतो. स्विफ्टला पुढची चाकं ओढतात, ती वळवली तर वळलीच नाही, नाक सरळच चाललं. तेव्हा माणूस आणखी स्टिअरिंग फिरवतो. उलट करायचं, रेस कमी, स्टिअरिंग थोडं सोडायचं, पकड परत आली की मग वळायचं. बोलेरोला मागची चाकं ढकलतात, त्यात मागं वजन काहीच नाही, दादानं जरा रेस दाबली आणि गाडीचा मागचा भाग पुढं यायला निघाला, हे बघा, हे, स्लो मोशनमध्ये. रेस सोड, ब्रेक नको, जायचं तिकडं बघ आणि स्टिअरिंग तिकडं. दादा दोनदा गोल फिरला, तिसऱ्यांदा सावरली आणि उतरून म्हणतो, "हे पांदनीत माह्यासंग दरवर्षी होते, मले वाटे गाडीतच खोट हाय."

आजोबांनी मधेच एक सांगितलं ते सरांच्याही वहीत गेलं. दिवाळीच्या आधी लोक रस्त्यावर सोयाबीन वाळवतात, काढतात, त्या दाण्यांवर कोरड्या रस्त्यावरही चाक असंच जातं.

साडेदहाला ऊन असह्य झालं. जेवण, झोपा. संध्याकाळी परत थोडं, अंधार पडल्यावर लाइटचं. समोरून अप्पर लाइट आला तर त्याच्याकडं न बघता डाव्या कडेकडं बघायचं, आणि आपल्या लाइटात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच स्पीड. साधी गोष्ट. ट्रॉलीला मागं लाल कागदसुद्धा न लावणाऱ्या आमच्या रस्त्यांवर ती जरा जास्तच साधी वाटली, पण ठीक.

रात्री नऊला मी काकांच्या इकोतून परत निघालो. काका अनवाणीच, चपलेचा अंगठा तुटलेला. सीट इतकी पुढं घेतलेली की ओळखू येईनात. गावाच्या अलीकडं, नाल्याच्या उतारावर लाइटात दोन डोळे चमकले. खरा रोही. काकांनी ब्रेक दाबला, पायाखाली तडतड झालं, पाय उचलला नाही. रोही आरामात गेला पलीकडं. मी म्हटलं, चला काका.

काका म्हणाले, "थांब. एकटा नसते तो."

गाडी उभी. हॅझर्ड लाइट टिकटिकतोय. मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न मारून, काहीतरी बोलून, आमच्यामागंच थांबला. एक मिनिट गेलं. काहीच नाही. मी काकांकडं बघतोय, काका पलीकडच्या धुऱ्याकडं.

मग झुडपातून ती आली, आणि तिच्यामागं एक छोटंसं.