लाल शाई आणि 'करालास'

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरच्या भाषणात बोलणाऱ्याची एक मोठी सोय असते. तुम्ही मला मध्ये थांबवू शकत नाही. फार तर बटण बंद कराल, पण ते मला कळणार नाही. मी ३१ वर्षं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शिकवलं, तिथं ही सोय नव्हती. शेवटच्या बाकावरून "बाई, समजलं नाही" असं कधीही यायचं.

माझ्या लहानपणी आमच्या घरात एक रेडिओ होता, फडताळात वरच्या फळीवर. काटा थोडा इकडे सरकवला की सांगलीची मराठी, थोडा तिकडे सरकवला की धारवाडची कानडी. धारवाड केंद्र १९५० सालचं, सांगलीचं १९६३ चं. वडील दोन्हीकडचा हवामानाचा अंदाज ऐकायचे आणि शेवटी आभाळाकडे बघूनच पेरणी ठरवायचे. उत्तर द्यायचं म्हटलं तर आपल्या हाती पोस्टकार्ड. आम्ही भावंडांनी पत्रोत्तराच्या कार्यक्रमाला किती कार्डं धाडली असतील! एकदाच एक वाचलं गेलं, चुलतभावाचं, आणि त्यात गावाचं नाव चुकलं. तरी तो पुढं महिनाभर छाती काढून फिरत होता.

सांगायचं असं की तेव्हा बोलणारे मोजके होते आणि ऐकणारे आपण सगळे. छापणारे मोजके, वाचणारे बाकीचे. आता खिशातल्या फोनवर प्रत्येकजण लिहितो आहे. गंमत म्हणजे वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांच्या मनात पहिल्यापासून हेच होतं. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत त्यांनी ही कल्पना मांडली, आणि पुढच्या वर्षी वेब बघायचा जो पहिला प्रोग्राम केला, त्यात वाचता येत होतं तसं लिहिताही येत होतं. नंतर लोकांच्या हाती जे प्रोग्राम आले ते नुसतेच वाचायचे. लिहायची सोय फिरून यायला दहा-पंधरा वर्षं गेली. आपल्या गावात ती पोचायला आणखी काही. पण आली ती अशी आली, की माझी ३१ वर्षांची नोकरीच तिनं खोटी पाडली.

ते कसं, ते सांगते.

आपल्याकडची मुलं "काय करालास?" असं बोलतात. मीही तसंच बोलत मोठी झाले. पण निबंधाच्या वहीत कुणी 'करालास' लिहिलं की मी लाल शाईनं खोडायची आणि वर लिहायची, 'करत आहेस'. शेकडो वह्या, हजारो लाल रेघा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, आपल्या या गावांतून दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. तिथंही हाच कायदा. व्यासपीठावर पुण्याची मराठी, आणि पंगतीत बसलं की "वाढ की मा आमटी!" यात कुणाला काही खटकायचं नाही. लिहायची भाषा वेगळी आणि तोंडची वेगळी, हे आपण गृहीतच धरलं होतं. त्यात आपल्याला थोडी जास्त भीती. आपण सीमेवरचे. आपली मराठी कानडीमिश्रित आहे असं कुणी म्हणू नये म्हणून आम्ही शिक्षक शुद्धलेखनाच्या बाबतीत पुण्यापेक्षा कडक. अण्णा आणि अक्का हे शब्द मूळ कानडीतून आलेले, ते मात्र कुणी खोडले नाहीत. खोडणार कसे? ते घरातच राहतात.

निवृत्त झाल्यावर भाच्यांनी मला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. पहिल्याच दिवशी बघते तर काय, सगळीकडे 'करालास', 'जेवलास न्हवं', 'येतो की'. ज्यांच्या वह्या मी तपासल्या तीच पोरं, आता बाप झालेली. पहिले पंधरा दिवस माझी बोटं शिवशिवत होती. दोघातिघांना तर मी दुरुस्त करून परत पाठवलंसुद्धा. एकानं हात जोडलेलं चित्र धाडलं, दुसऱ्यानं लिहिलं, "बाई, हितं मार्क न्हाईत."

मग एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीला फोन माझ्या बाजूनं होता. कुणी 'करालास' लिहायला घेतलं की तो आपणहून 'कराल' करून टाकायचा. पण दहा वेळा तेच लिहिलं की तो शिकतो. अकराव्या वेळी पहिली तीन अक्षरं टाकताच 'करालास' स्वतःच पुढं करतो. शाळेनं जे ३१ वर्षांत मान्य केलं नाही ते यंत्रानं पंधरा दिवसांत केलं. यात यंत्राचं काही मोठेपण नाही, त्याला बिचाऱ्याला पुणं माहीत नाही आणि बेळगावही नाही. पण आपली बोली पहिल्यांदाच घाऊक प्रमाणात लिहिली जाते आहे, आणि ती कुणी पंडित लिहीत नाही, भाजी काय आणू विचारणारा माणूस लिहितो आहे. मला विचाराल तर आपल्या भागापुरता वेबचा सगळ्यात मोठा बदल हाच.

हे घडायला पाठीमागे एक खटपट झालेली आहे. जुन्या माणसांना आठवत असेल, संगणकावर मराठी लिहायचं म्हणजे प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट वेगळा. संमेलनाची निमंत्रणपत्रिका एका दुकानात टाईप करून दुसऱ्यात उघडली की नुसता किडामुंग्यांचा मेळा. हा घोळ युनिकोडनं मिटवला. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक, म्हणजे कुठल्याही यंत्रावर क तो क. पहिली आवृत्ती १९९१ ची. भारतीय लिप्यांची मांडणी त्यांनी आपल्याकडच्या इस्की नावाच्या जुन्या सरकारी मानकावरून घेतली. माझा भाचा बेंगळूरला संगणकाच्या कामात आहे. त्यानं मला कागदावर मांडून दाखवलं. देवनागरीला १२८ जागांचं एक घर, कन्नडला तसंच १२८ जागांचं दुसरं घर, आणि दोन्ही घरांतली खोल्यांची रचना एकसारखी. शून्यापासून मोजत गेलं तर आपला ळ ५१ व्या जागेवर आहे. आणि कन्नडचा ळ? त्यांच्या घरात ५१ व्याच जागेवर. सरकारी इनस्क्रिप्ट कळफलकावरही दोघांना एकच कळ.

बेळगावातला ळ. सीमाप्रश्नाचे इतके कागद बघितले, पण हा कागद बघून मी जरा वेळ गप्प बसले.

आता शिक्षणाचं. तिथं चित्र इतकं साधं नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कणकुंबी-जांबोटीकडच्या रानातली मुलं रेंजसाठी टेकाड चढून बसायची. पावसाळ्यात तिकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात, वही कुठं धरायची? पण रेंज मिळाल्यावरसुद्धा एक अडचण होती, ती बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची पुस्तकं मराठीत, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा. यूट्यूबवर मराठीतून शिकवणारे बहुतेक महाराष्ट्रातले, त्यांच्यापुढं बालभारतीचं पुस्तक. धड्यांचा क्रम वेगळा, कधी पारिभाषिक शब्दही वेगळा. कन्नडमधले व्हिडिओ धड्याला अगदी जुळणारे, पण भाषा तिसरी. मग मुलं काय करायची, तर चित्र कन्नड व्हिडिओतून बघायची आणि शब्द मराठी व्हिडिओतून उचलायची. माझ्या शेजारची एक दहावीची मुलगी तर दोन फोन शेजारी ठेवून बसायची, एक स्वतःचा आणि एक आईचा. शिक्षणखात्यातल्या कुणीही तिला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. तिनं तिचा मार्ग काढला. पण दोन फोन ज्या घरात नव्हते त्या घरातल्या मुलीचं काय झालं, तेही मी बघितलंय. ती आता कारखान्यात पॅकिंगला जाते.

आणखी एक अनुभव सांगते. विकिपीडिया हा ज्ञानकोश कुणीही लिहू शकतो, मराठीतला २००३ च्या मे महिन्यापासून चालू आहे. निवृत्तीनंतर मी चार मुलांना जमवलं, म्हटलं, आपल्या गावाबद्दल लिहा. पालखी आधी कुठल्या गल्लीत जाते, का जाते, मान कुणाचा, सगळं त्यांनी वयस्कर माणसांकडून विचारून आणलं. लिहून टाकलं. दोन दिवसांत त्यातलं निम्मं उडालं. कारण विचारलं तर, छापील संदर्भ द्या. आता आमच्या पालखीबद्दल छापलंय कुणी? ती माहिती आमच्या थोरल्या अक्काच्या डोक्यात आहे आणि अक्काला सही करता येत नाही. मुलं चिडली. मीही थोडी चिडले, पण नियम तसा चुकीचा नाही, नाहीतर कुणीही काहीही ठोकून देईल. शेवटी मुलांनी अक्कालाच फोनवर बोलतं केलं आणि तो आवाज ग्रुपमध्ये टाकला. तो कोशात गेला नाही. पण गावात पंचवीस घरांनी ऐकला आणि त्यातल्या दोघांनी अक्काचं चुकतंय म्हणून उलट आवाजी निरोप पाठवले. अक्का अजून त्या दोघांशी बोलत नाही.

पूर्वी हे भांडण कट्ट्यावर झालं असतं आणि दिवेलागणीला विरून गेलं असतं. आता ते फोनमध्ये राहतं. तोंडचं बोलणं लिहिलं जाऊ लागलं त्याची ही दुसरी बाजू. लिहिताना आपण सांभाळून लिहायचो. बोलताना तोल गेला तर समोरच्याचा चेहरा बघून आवरायचो. इथं बोलल्यासारखं लिहितो, आणि चेहरा तर दिसत नाही. शिवाय ते क्षणात पुढं जातं. २०१८ च्या जुलैत बिदर जिल्ह्यातल्या मुर्की गावात काय झालं? मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा फोनवरून पसरली आणि जमावानं हैदराबादहून आलेल्या एका निरपराध तरुणाला ठार मारलं. त्याच्या बरोबरच्यांनी मुलांना चॉकलेटं दिली, एवढंच निमित्त. बिदर आपल्यासारखाच सीमेवरचा जिल्हा, तिथं मराठीही बोलली जाते, कन्नडही, आणि अफवा सगळ्यांना समजली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हे झालं तेव्हा माझ्या ग्रुपमधल्या एकानं तक्रार केली होती, बाई, सुप्रभात पाठवायला त्रास होतोय.

ओळखीबद्दल बोलायला मला जरा संकोच वाटतो, कारण आपल्याकडे ओळख म्हटलं की लोक आधी विचारतात, तू कुठल्या बाजूची? १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. दरवर्षी त्या दिवशी काहीजण राज्योत्सव करतात, काहीजण काळा दिन पाळतात. २०१४ साली त्याच तारखेला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. फोनवर कुठलाही फॉर्म भरा, यादीत बेळगावी आहे, बेळगाव नाही. मी निमूट तेच निवडते, नाहीतर गॅसची टाकी येत नाही.

पण पोरांनी काय केलंय ते बघा. माझ्या एका विद्यार्थ्याचे निम्मे दोस्त कन्नड. दर १ नोव्हेंबरला तो व्हॉट्सॲपवर दोन स्टेटस ठेवतो. एक मराठी नातलगांना दिसतं, दुसरं कन्नड मित्रांना. कुणाला काय दाखवायचं, कुणापासून लपवायचं ती सोय त्यात आहेच. मी त्याला म्हटलं, अरे, हा दुतोंडीपणा नव्हे का? तो म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत करत आहेस म्हणायचा आणि घरात करालास. ते काय होतं मग?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

वेळ संपत आली, एवढं सांगते. गेल्या महिन्यात बेंगळूरच्या भाच्याला निरोप लिहायला बसले. 'काय' लिहिलं, पुढं 'कर' एवढंच टाकलं, आणि फोननं 'करालास' पुढं केलं. मुलांच्या ओळी उतरवून घेता घेता त्यालाही सवय लागली असणार. मी जरा थांबले. मग म्हटलं, जाऊ दे. बोट टेकवलं आणि पाठवून दिलं.

मिनिटभरात फोन वाजला. भाचाच. घाबरलेला. हल्ली दुसऱ्याचा फोन हातात घेऊन नातलगांकडे पैसे मागायचे प्रकार होतात ना, त्याला तसंच वाटलेलं. म्हणाला,

"आत्ती, तूच हाईस न्हवं?"