उपाशी माशाचं वाढ-संप्रेरक

पत्रिकेवर ‘आहार, उपवास आणि माशांची वाढ’ असं छापलंय. उपवासापर्यंत नक्की पोचू. आहाराचं वेळ उरला तर.

इथं बहुतेक जण मत्स्यशास्त्रातलेच, तेव्हा वाढ-संप्रेरक सोडणारी पीयूष ग्रंथी कुठे असते इथून सुरुवात करत नाही. एकच विचारतो. एका टाकीतले ट्राउट पोटभर खाताहेत, शेजारच्या टाकीतल्यांना काही आठवडे दाणाही नाही. दोन्हीकडचं रक्त काढलं, तर वाढ-संप्रेरक कुठे जास्त? हात वर करा. पुढच्या रांगा खाणाऱ्यांच्या बाजूने, छान. मागचे विद्यार्थी हातच वर करत नाहीत. त्यांना व्याख्यात्याचा स्वभाव कळलेला दिसतो.

जास्त असतं उपाशी माशात. वाढ थांबलेली, वजन घटतंय आणि रक्तात वाढ-संप्रेरक चढलेलं.

हेच आम्ही एकदा एका नियतकालिकाला लिहून पाठवलं. परीक्षकाचा शेरा आला: ‘नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली दिसते.’ अहो, मासा उपाशी आहे हे काय फक्त चिठ्ठीवरून कळतं? त्याचं यकृत लहान झालेलं असतं. पित्ताशय गर्द हिरव्या पित्तानं टम्म फुगलेलं असतं, कारण ते रिकामं व्हायला आतड्यात अन्नच येत नाही. आम्ही पित्ताशयांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘मोजणी पुन्हा करावी.’ केली, आकडे तेच. मग तिसरा शेरा: ‘निष्कर्ष उंदरांवरच्या कामाशी जुळत नाहीत.’

जुळणारच नाहीत! उंदराला उपाशी ठेवलं की त्याचं वाढ-संप्रेरक उतरतं. माणसाचं मात्र चढतं, काही दिवसांच्या उपवासातही. म्हणजे या बाबतीत आपण उंदरापेक्षा माशाच्या जवळचे. परीक्षकांचं मी सांगू शकत नाही.

उंदराचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत. वाढ-संप्रेरक हाडाच्या टोकाच्या कूर्चेवर थेट काम करतं की मध्ये कोणी असतं, हा प्रश्न १९५७ साली दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांवर सोडवला. काचपात्रातल्या कूर्चेवर नुसतं संप्रेरक घातलं, तर फारसं काही घडेना. पण धडधाकट उंदराचा रक्तद्रव घातला की कूर्चा सल्फेट भराभर ओढून घ्यायची, म्हणजे वाढीला लागायची. म्हणजे मध्ये एक निरोप्या आहे. त्यालाच आपण आज आयजीएफ-१ म्हणतो आणि त्याचा मोठा हिस्सा यकृत बनवतं. गंमत ही, की त्या दोघांतल्या एकाचं आडनाव सॅमन. सॅमन नावाचा माणूस आयुष्यातला एवढा मोठा प्रयोग उंदरावर करतो! माशांवर अन्याय तेव्हापासूनचा आहे.

ही चिठ्ठी काय... दहा मिनिटं? बरं. म्हणजे पाचच समजायची. आता भरभर.

उपवासात यकृतावरचे वाढ-संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रेणू, कमी होतात. कोहो सॅमनमध्ये हे मोजलेलं आहे. दारावरची बेल जोरात वाजतेय, घरात मात्र कोणी उठत नाही, अशी अवस्था. त्यामुळे आयजीएफ-१ घटतं. एरवी तेच आयजीएफ-१ पीयूष ग्रंथीला ‘आता पुरे’ सांगत असतं. ते सांगणारं कमी झालं की ग्रंथी आणखी सोडते. सस्तन प्राण्यांत आणि माशांत आणखी एक फरक: माशांत मेंदूतले चेतातंतू थेट या ग्रंथीत उतरतात. सस्तन प्राण्यांसारखी मधली रक्तवाहिन्यांची वाट नाही. सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक या ग्रंथीचं वाढ-संप्रेरक सोडणं दाबतं, घ्रेलिन हे दुसरं संप्रेरक ते उठवतं. घ्रेलिनवर वेगळं व्याख्यान लागेल, बोलवा.

मग चढलेलं संप्रेरक करतं काय? चरबी मोकळी करतं. मासा तिच्यावर तगतो आणि प्रथिनं शक्य तेवढी वाचतात. समुद्रातून नदीत परतणारे पॅसिफिक सॅमन खाणं सोडतात आणि साठ्यावरच अंडी घालण्याच्या जागेपर्यंत पोचतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच: एकट्या वाढ-संप्रेरकाच्या आकड्यावरून मासा वाढतोय की नाही, हे ठरवू नका. शेजारी आयजीएफ-१ मोजा. पहिलं वर आणि दुसरं खाली असेल तर मासा भुकेला असण्याची शक्यता आधी तपासा.

आहार राहिला. पुन्हा खायला दिलं की आयजीएफ-१ वर येतं, वाढ-संप्रेरक उतरतं. बऱ्याच जातींत मासा नेहमीपेक्षा जास्त खातो आणि काही काळ वेगानं वाढतो. मागे पडलेलं वजन पूर्ण भरून निघतं का, हे जातीवर, उपवासाच्या लांबीवर आणि पाण्याच्या तापमानावर अवलंबून. त्यामुळे खाद्य वाचवायचं म्हणून सरसकट उपवास लावू नका, आधी थोड्या माशांवर करून बघा. काही जातींत थोड्या दिवसांच्या उपवासानं रक्तात फरकही दिसत नाही. शिवाय हे संप्रेरक एकाच माशात दिवसभरात वरखाली होतं, तेव्हा एका माशाच्या एका थेंबावर प्रबंध उभा करू नका. रक्त शेवटच्या खाण्यानंतर किती तासांनी काढलं आणि पाणी किती अंशांवर होतं, हे नोंदवहीत त्याच दिवशी लिहा. माशाला जाळीत घेऊन फार वेळ झुंजवू नका, ताणानंही आकडे हलतात.

बरं, प्रश्न. मागच्या रांगेतून आधी.